फळ्यावरच्या बारा ओळी

माझ्या वडिलांनी तीस वर्षं एका विमा कंपनीत मेलेल्या माणसांचे दावे तपासले. मृत्यूचा दाखला आला की ते तो आधी उजेडासमोर धरत, मग उलटा करून बघत आणि मगच वाचत. घरीही तोच खाक्या. दूधवाला, शेजारी, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांना ते आधी मागच्या बाजूने तपासायचे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी त्यांच्याकडून दुसरं काही उचललं नसेल, पण हा स्वभाव पुरेपूर उचलला. त्यामुळे गिरण्यांचा संप विरून पाच-सहा वर्षं झाल्यावर मी पीएच.डी.साठी लालबाग-परळच्या चाळींमधून मुलाखती घेत फिरायला लागले आणि लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागले, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

संशय तरी किती तऱ्हेचे. कोणी म्हणे, ही मालकांची बाई, कोणाला परत घ्यायचं नाही त्याची यादी करतेय. कोणी म्हणे, पोलिसांची. कोणी म्हणे, चाळ पाडायची असेल, म्हणून माणसं मोजून घेतायत. काळाचौकीच्या एका म्हाताऱ्याने माझं विद्यापीठाचं ओळखपत्र हातात घेतलं, उजेडासमोर धरलं, उलटं केलं आणि म्हणाला, "फोटो तुमचाच आहे. पण शिक्का काय, कोणाचाही मिळतो." मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर एक खानावळ होती. एकच खोली, मालवणकडची एक मावशी, दोन स्टोव्ह आणि दोन वेळा जेवायला येणारे वीस-बावीस पुरुष. बायकामुलं गावी पाठवून मागे राहिलेले. मला बोलायला माणसं तिथेच मिळत. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचे आणि मावशी आमटी वाढता वाढता माझ्या वहीत डोकवायची. तिला वाचता येत नव्हतं, तरी डोकवायची.

त्या पुरुषांमधले दोघे मला पहिल्या दिवसापासून वेगळे दिसले. ते नेहमी समोरासमोर बसत, मोरीच्या बाजूला. जो आधी येई तो ताट वाढून घेई, पण दुसरा येऊन बसेपर्यंत घास उचलत नसे. मी मावशीला विचारलं, हे भाऊ आहेत का. ती म्हणाली, "भाव कसले? जोडीदार ते."

जोडीदार म्हणजे काय ते मग मला बाकीच्यांनी समजावून सांगितलं. दोघे एकाच गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. तिकडे मागाला साचा म्हणत. दोघांचे साचेही तेच दोन, फक्त एक पहिल्या पाळीला आणि दुसरा दुसऱ्या पाळीला. त्या गिरणीत पाळ्या फिरत नसत. ज्याची जी पाळी, ती त्याची जन्माची. पहिला सुटायचा तेव्हा दुसरा यायचा, आणि रीत अशी की येणाऱ्याने साच्याला हात लावल्याशिवाय जाणाऱ्याने आपला हात काढायचा नाही. वीस वर्षं ही दोन माणसं एकमेकांना दिवसातून पाच मिनिटं भेटली. संपानंतर दोघांना काही महिने परत घेतलं, मग त्या खात्यालाच टाळं लागलं. आता पहिला दादरला एका कापडाच्या दुकानात घड्या घालायचा. दुसरा एका इमारतीवर पहारा करायचा. आणि तोच दुसरा नाक्यावरचा फळा लिहायचा.

मी त्यांना फळेवाले काका म्हणायचे. नाक्यावर मंडळाचा एक मोठा काळा फळा होता. मयत, सभा, पाणी कधी येणार, कोणाचा मुलगा पास झाला, सगळं त्यावर. काकांचं अक्षर छापल्यासारखं होतं. संपाच्या दिवसांत म्हणे माणसं वर्तमानपत्राऐवजी तो फळा वाचत, फितुरांची नावंही त्यावरच लागत, आणि त्यावर कधी एक शब्द खोटा लिहिला गेला नाही, असं सगळा नाका सांगायचा. मी ते अर्थातच एका कानाने ऐकलं.

वर्षभराने माझ्या वह्या भरल्या आणि मी लिहायला बसणार, तेवढ्यात एका दुपारी मावशीने मला पकडलं.

"बाय माझ्या, एवढा लिवतंस, ता जाता खंय?"

मी सांगितलं, प्रबंध होणार, तो विद्यापीठात जाणार, तिथे दोघे-तिघे जण वाचणार आणि मग तो ग्रंथालयात राहणार.

"आणि आमी?" मावशी म्हणाली.

जेवणारे थांबले. एकाने विचारलं, "म्हणजे आमचं बोलणं आम्हालाच नाय वाचायला मिळणार?" दुसरा हसला. "मी सांगतच होतो. हे सगळं वर कुठेतरी जातं." त्या क्षणी वर्षभर मिळवलेला विश्वास माझ्या डोळ्यांदेखत परत संशयात गेला.

माझ्या मार्गदर्शकांना मी हे सांगितलं तर ते उत्साहात आले. संशोधन लोकांपर्यंत गेलंच पाहिजे, म्हणाले, आणि त्यांनी दादरला एका सभागृहात माझं व्याख्यान ठरवलं. हार, तांब्याभांडं, सगळं झालं. पुढच्या रांगेत त्यांचे मित्र बसले. लालबागहून एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी खानावळीत कोणी त्याचा विषयही काढला नाही. फक्त फळेवाले काका जेवण झाल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, फळ्यावर बारा ओळी मावतात. रोज बारा ओळी द्या. मी लिहितो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस फुकटात कशाला लिहील? कोणत्या पुढाऱ्याने सांगितलं असेल? मधल्यामध्ये शब्द बदलून आपलंच काही घुसडेल का? पण दुसरा रस्ताही नव्हता. मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात ठरवलं की रोज सकाळी बस पकडून जायचं आणि कागदाची कार्बन प्रत हातात धरून फळा तपासायचा.

पहिला कागद त्यांनी वाचला आणि परत दिला.

"हे काय आहे, 'श्रमशक्तीचे पुनरुत्पादन'?"

मी समजावायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माणूस दूध घेऊन चाललेला असतो. तो फळ्यासमोर किती वेळ उभा राहील? पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेईपर्यंत. तेवढ्यात जे कळेल ते द्या."

मी नाक मुरडलं, पण घरी जाऊन पुन्हा लिहिलं. तीन वेळा लिहिलं. दोनशे पानांचं बाड बारा-बारा ओळींत उतरवताना माझ्या लक्षात आलं की त्यातली निम्मी पानं मला स्वतःलाच नीट कळलेली नव्हती. हे मी मार्गदर्शकांना सांगितलं नाही.

आणि फळा चालला. पहिल्याच आठवड्यात लोक थांबून वाचायला लागले. वाचून भांडायलाही लागले. अमुक सभेला पाऊस नव्हता, ऊन होतं. मोर्चा या गल्लीतून गेला नाही, त्या गल्लीतून गेला. काका ते सगळं एका चिठ्ठीवर उतरवून मला देत. परीक्षकांनी काढल्या नसत्या इतक्या चुका त्या नाक्याने काढल्या. मी रोज सकाळी प्रत हातात घेऊन फळा तपासत उभी राहायचे. काकांनी एकदा विचारलं, "सापडलं का काही?" मी म्हटलं, "अजून नाही." त्यांना राग आला नाही. या पोरीचा स्वभाव त्यांनी ओळखला होता बहुतेक.

आता जे सांगायचं ते सांगते. काकांच्या जोडीदाराने, म्हणजे पहिल्या पाळीवाल्याने, मला एक गोष्ट एकांतात सांगितली होती. खानावळीत नाही. परळच्या इस्पितळात त्यांना डोळे दाखवायचे होते, फॉर्म भरायला मी बरोबर गेले होते. बाकावर नंबराची वाट बघताना ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी आत गेलो होतो."

संपात आत जाणं, संप मोडून कामावर जाणं, म्हणजे काय, हे तिथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नसे. ज्या घरातला माणूस आत गेला, त्या घरचं पाणीसुद्धा लोक पीत नव्हते. हे गेले होते अकरा दिवस. मागच्या फाटकाने, ताडपत्री घातलेल्या ट्रकमधून. चाळीत सांगितलं होतं की गावी चाललोय. आत सगळी बाहेरून आणलेली माणसं, ओळखीचं कोणी नाही. मी विचारलं, का गेलात. ते म्हणाले, त्यांचे दोन साचे खांबापाशी होते आणि वरचा पत्रा गळायचा. म्हणून त्यांनी वर एक पत्र्याचा डबा टांगून ठेवला होता. रोज दोघांना आपापल्या पाळीत तो ओतावा लागे. पावसाळा लागला तेव्हा त्यांना झोप येईना. डबा भरून पाणी साच्यावर सांडत असेल, साचे गंजत असतील.

मला हे खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. माणूस डब्यासाठी नाही, पोटासाठी आत जातो. पण त्यांना डबाच सांगायचा होता, आणि सांगताना त्यांची बोटं बाकाच्या फळीवर सारखी काहीतरी जुळवत होती.

"ओळखू येईल असं काही नको, बाई," ते म्हणाले. "नाव तर नकोच."

मी शब्द दिला. आणि शब्द पाळायला मी जे केलं त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला. लिहिताना मी 'पहिल्या पाळीचा' हे खोडलं आणि 'दुसऱ्या पाळीचा' असं केलं. झालं, माझ्या मते माणूस लपला. गिरणीत शेकडो साचे, तीन पाळ्या, कोण कुठे उभा होता हे इतक्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतो? डबा मात्र मी तसाच ठेवला. तो मला फार आवडला होता. खरं सांगायचं तर तो डबा वाचून कोणीतरी मला चांगली लेखिका म्हणेल अशी माझी आशा होती.

पाळी माझ्यासाठी तक्त्यातला एक रकाना होता. त्या रकान्यात एक खराखुरा माणूस उभा आहे, आणि तो मला रोज सकाळी फळ्यापाशी भेटतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तो कागद मी काकांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी नेहमीसारखा वाचला. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाचला असेल. मग म्हणाले, "बरोबर बारा ओळी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: दुसऱ्या पाळीचा एक साचेवाला सांगतो, संप चालू असताना मी अकरा दिवस आत गेलो होतो. खांबापाशी माझे दोन साचे. वर पत्रा गळतो म्हणून मी तिथे एक डबा टांगला होता. तो ओतायला कोणीतरी हवं होतं. असं शेवटपर्यंत.

समोर दहा-बारा माणसं उभी होती आणि कोणीही बोलत नव्हतं. त्या नाक्यावर मी अशी शांतता कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, लिखाणाचा परिणाम झाला. मी प्रत काढून तपासायला लागले, तर माझ्या शेजारचा माणूस फळ्याकडे बघत थुंकला आणि निघून गेला.

दुपारी मावशीने मला दारातच अडवलं. आत घेतलं नाही.

"खांबापाशीचो डबो," ती म्हणाली. "सगळ्यांका ठावक आसा तो डबो. दुसरी पाळी कोणाची? तिसरेक तर बदलीवाले, रोज नवो माणूस."

मी तिथेच पायरीवर बसले. गिरणीतल्या माणसाला साचे सांगितले की माणूस सांगावा लागत नाही. दोन साचे, दुसरी पाळी, एकच माणूस. मी एकाला लपवायला गेले आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तेही त्याच्याच हाताने, त्याच्याच अक्षरात, सगळ्या नाक्यासमोर.

संध्याकाळपर्यंत मंडळाच्या लोकांनी काकांकडून खडूचा डबा आणि फडकं काढून घेतलं. इतकी वर्षं फितुरांची नावं लिहिणारा हात फितुराचाच निघाला, असं बोललं जायला लागलं. खानावळीत त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसली. फळा पुसायला कोणी धजेना, कारण तो पुसायचा अधिकार काकांचा, आणि काकांना तर दूर केलेलं. त्यामुळे त्या बारा ओळी तशाच राहिल्या.

माझ्या स्वभावाची कमाल अशी की इतकं होऊनही मी आधी त्यांच्यावरच संशय घेतला. घरी जाऊन कार्बन प्रत काढली. म्हटलं, यांनीच काही बदललं असेल. अक्षर न्‌ अक्षर तेच होतं. वडील बाजूला बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "काय सापडलं?" मी म्हटलं, "मीच."

दुसऱ्या दिवशी मी काकांना त्यांच्या पहाऱ्याच्या इमारतीखाली गाठलं. सगळं कबूल करायला गेले होते, पण तोंड उघडल्यावर कळलं की कबूल करायचं म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगायचं. मी एवढंच म्हटलं, "काका, लिहिताना माझी चूक झालीय. हे तुम्ही नव्हे, हे मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

"मग लोकांना सांगा ना."

"काय सांगू? मी नाही, असं? मग कोण, असं विचारतील." आणि ते फाटक उघडायला गेले, कारण गाडी आली होती.

तिथून मी तडक दादरच्या कापडाच्या दुकानात गेले. जोडीदार गठ्ठ्यांच्या मागे घड्या घालत होते. मला बघून त्यांचा हात थांबला नाही. मी विचारलं, फळ्यावर काय झालंय ते कळलं का. म्हणाले, कळलं.

"मी खरी पाळी लिहू का? नाव न घालता?"

"तुम्ही शब्द दिलाय."

"तुमचा जोडीदार तुमच्या नावचं भोगतोय."

त्यांनी एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्याला कळलंय का? मीच ते, असं?"

काकांच्या 'मग कोण'वरून त्यांना कळलंय हे मी ओळखलं होतं, तरी मी खोटं बोलले. म्हटलं, "नाही." का बोलले ते मला माहीत नाही. बहुतेक मला बघायचं होतं की सुटका मिळाल्यावर हा माणूस काय करतो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा तागा उलगडला. मला त्यांचा इतका राग आला की दुकानाची पायरी उतरताना मी ठेचकाळले. भित्रा माणूस, असं मी मनात म्हटलं. आणि मी कोण होते? शब्द दिलाय या आडोशाला मीही उभीच होते. लिहिलं तर एकाला फसवते, नाही लिहिलं तर दुसऱ्याला. दोन दिवस मी घरी बसून राहिले. फळा तपासायलाही गेले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी गेले. फळ्यासमोर पुन्हा गर्दी होती, आणि मला बघून ती बाजूला झाली. बारा ओळी तशाच होत्या. फक्त पहिल्या ओळीतला 'दुसऱ्या' हा शब्द आडवी रेघ मारून खोडला होता आणि त्याच्यावर, वेड्यावाकड्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'पहिल्या'. बाजूला खडूचा धुरळा पडला होता. लिहिणाऱ्याने फार जोर लावला असावा.

"बाई, हे तुम्ही केलंत?" एकाने दरडावून विचारलं.

मी नाही म्हटलं. कोणाचा विश्वास बसला नाही, आणि तो बसावा असं मी तरी काय केलं होतं? एकाने सुचवलं, काकांनीच डाव्या हाताने लिहिलं असेल. तेवढ्यात काका स्वतः आले. पहारा संपवून थेट आले होते. गर्दीने वाट दिली. ते फळ्यासमोर उभे राहिले आणि तो एक शब्द बघत राहिले, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"त्याचंच अक्षर आहे," ते म्हणाले. कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

मंडळाच्या माणसाने खडूचा डबा आणि ओलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी फडकं घेतलं, पण फळा पुसला नाही. म्हणाले, "आजचा दिवस राहू दे." आणि फडकं खांद्यावर टाकून चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेले. लालबागपासून परळच्या पुलापर्यंत आम्ही चाललो. मग मला राहवलं नाही.

"काका, कागद वाचताना तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच ओळीला."

"की हे तुमच्यावर येणार?"

"ते तर आलंच. पण तो आत गेला होता हे मला तुमच्याकडून नाही कळलं. मला आधीपासून माहीत होतं."

संप विरल्यावर ते पहिल्यांदा आत गेले, तेव्हाच, असं ते म्हणाले. इतके महिने बंद पडलेल्या खात्यात सगळ्यांचे साचे गंजलेले. त्यांचे दोन तेवढे तेल दिलेले. आडवं सूत नेणारा धोटा डावीकडे ठेवलेला, जसा त्यांचा जोडीदार ठेवायचा, आणि दुसरं कोणीच ठेवत नसे. वर डबा रिकामा. "वीस वर्षं त्याच्या हाताखालून साचा घेतला, बाई. आधी कोण होता ते हात लावला की कळतं."

म्हणजे डब्याची गोष्ट निदान अर्धी खरी होती. मी रस्त्यातच थांबले.

"मग मला सांगायचं. तो कागद लिहायचाच नाही. बारा ओळी तुमच्या हातात होत्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सहा वर्षं रोज समोर बसून जेवतोय. तो काही बोलला नाही, मी काही विचारलं नाही. म्हटलं, फळ्यावर बघून तरी बोलेल."

"म्हणजे तुम्ही माझ्या संशोधनाचा वापर केलात."

"तुम्ही आमचा नाही केलात?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

त्या दुपारी काका खानावळीत ताट वाढून बसले आणि वाट बघत राहिले. आमटी निवून गेली. आजूबाजूची माणसं, जी चार दिवस सरकून बसली होती, ती आता पुन्हा जवळ सरकली होती, पण त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शेवटी मावशीने सांगितलं की जोडीदार सकाळीच ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर गेला. गावी. या वेळी खरोखर गावी. काकांनी ताट तसंच ठेवलं आणि उठले. मला वाटतं, त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं, आणि ते मिळवायला काय किंमत पडेल याचा त्यांनी हिशेब केला नव्हता. मी तरी कुठे केला होता?

दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता. त्यावर पाण्याची वेळ होती.

माझे उरलेले कागद काकांनी पुढेही लिहिले, रोज बारा ओळी, शेवटपर्यंत. लोक वाचतही राहिले. पण आता कोणी थांबून भांडत नव्हतं. वाचायचे आणि मग इकडेतिकडे बघायचे, हे कोणाबद्दल असेल म्हणून. माझ्या मार्गदर्शकांनी एका परिषदेत या फळ्याचं फार कौतुक केलं. संशोधन लोकांपर्यंत पोचलं, म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून खाली बघत होते.

प्रबंध बांधून आला त्याला आणखी दीड वर्ष गेलं. एक प्रत घेऊन मी दुपारच्या जेवणाच्या वेळी खानावळीत गेले. मोरीच्या बाजूला काका बसले होते. समोरची जागा रिकामी होती. तिथे ताट होतं, पालथं घातलेलं. मावशी हळूच म्हणाली की गर्दी कितीही असो, ते तिथे कोणाला बसू देत नाहीत. पत्रं टाकली होती. उत्तर नव्हतं.

काकांनी हात धुतले, पुसले आणि पुस्तक घेतलं. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. माझ्या वडिलांसारखं ते त्यांनी उलटं करून बघितलं नाही. थेट विचारलं, "त्या पानावर काय ठेवलंत?"

मी पान काढून दिलं. "दुसरीच पाळी आहे. शब्द दिला होता, म्हणून मोडला नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर अजून बदलता येईल. विद्यापीठात दुरुस्तीचा कागद देता येतो."

त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, पहिल्या शब्दावर थांबवलं. फळ्यावर एक दिवस जे खरं होतं ते केव्हाच पुसलं गेलं होतं. या पानावर आत गेलेला माणूस काकाच होते, आणि ग्रंथालय उभं असेपर्यंत राहणार होते.

"राहू दे," ते म्हणाले. "तो आला तर दाखवता येईल, इथे तू नाहीस, मीच आहे म्हणून."

मग त्यांनी ते पान उघडं ठेवूनच पुस्तक समोरच्या पालथ्या ताटाशेजारी ठेवलं, थोडा वेळ दाराकडे बघितलं आणि जेवायला सुरुवात केली.